अमेरिकी कॉलेजांच्या महिला बास्केटबॉलचे १९८१ च्या आधीचे आकडे शोधताना

नुसत्या एनसीएएच्या (अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची संघटना) रेकॉर्ड बुकवर विसंबू नकोस. एनसीएएने महिला बास्केटबॉल हाती घेतलं १९८१-८२ च्या हंगामात. त्याआधीचा कारभार एआयएडब्ल्यू या महिलांच्या कॉलेज खेळांच्या वेगळ्या संघटनेकडे होता, आणि ते आकडे वर्षानुवर्षं अधिकृत यादीत धरलेच गेले नाहीत. म्हणून कॅन्सस विद्यापीठाकडून खेळलेल्या लिनेट वुडर्डचे कारकिर्दीतले ३,६४९ गुण बाहेर राहिले. त्याच काळातल्या पर्ल मूरच्या ४,०६१ गुणांची तर कोणी आठवणही काढत नसे. २०२४ मध्ये कॉलेज खेळाडू केटलिन क्लार्कने सर्वाधिक गुणांचा विक्रम मोडला तेव्हा ‘नेमका कुणाचा?’ हा वाद पेटला तो यामुळेच.

जुनं हवं असेल तर त्या-त्या कॉलेजची मीडिया गाइड, म्हणजे संघाची माहितीपुस्तिका, उघड. पुढचे कौतुकाचे फोटो सोड, थेट मागची पानं गाठ. वर्षवार तक्ते तिथेच असतात. थ्री-पॉइंटरचा (लांबून टाकलेल्या तीन गुणांच्या बास्केटचा) रकाना १९८७-८८ आधी कोरा दिसला तर पान गहाळ समजू नकोस, तोवर तो नियमच सरसकट लागू नव्हता.