फायरवॉलवर सगळे फ्रॅगमेंटेड (तुकड्यांत आलेले) पॅकेट ड्रॉप केले तर टिअरड्रॉपसारखे हल्ले थांबतील का?

थांबतील. सोबत आणखी काय थांबतं ते ऐका.

माझ्या आधीच्या कंपनीत ऑडिटला एक कन्सल्टंट साहेब आले होते. त्यांनी अहवालात लिहिलं, फ्रॅगमेंट सरसकट ड्रॉप करा. मी मीटिंगमध्ये विरोध केला, तर 'सिक्युरिटी हवी की सोय, ते ठरवा' असं सगळ्यांसमोर सुनावलं. नियम लागला, कुठे काही अडलं नाही, साहेब खूश. पुढे शाखांचे आयपीसेक टनेल (हेड ऑफिसशी जोडणारे एन्क्रिप्टेड दुवे) प्री-शेअर्ड की, म्हणजे दोन्हीकडे आधीच भरलेला पासवर्ड, सोडून सर्टिफिकेटवर न्यायचं ठरलं आणि एकही टनेल अप होईना! सुरुवातीची देवाणघेवाण नीट व्हायची, गाडी ऑथेंटिकेशनला अडकायची. दोन्ही टोकांना टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारं टूल) लावून बसलो. सर्टिफिकेटमुळे आयकेईचा (टनेल जुळवणाऱ्या प्रोटोकॉलचा) मेसेज १५०० बाइटच्या, म्हणजे एका पॅकेटच्या नेहमीच्या मर्यादेच्या, वर गेलेला. त्याचे तुकडे शाखेतून निघताना दिसायचे, हेड ऑफिसच्या फायरवॉलच्या आत एकही नाही. साहेबांचा उपाय? 'जुनी कीच ठेवा.' म्हणजे सगळ्या शाखांना तोच एक पासवर्ड. मग सोय कोण बघत होतं?

टिअरड्रॉप १९९७ चा. तुकड्यांचे ऑफसेट (मूळ पॅकेटमधली जागा) मुद्दाम एकमेकांवर चढवायचे, की जोडताना विंडोज ९५, एनटी आणि तेव्हाचं लिनक्स झोपायचं. ते केव्हाच पॅच झालं. घाबरायचंच तर २०१८ च्या फ्रॅगमेंटस्मॅकला घाबरा. त्यात तुकडे येत राहतात, पॅकेट कधी पुरं होत नाही, आणि जोडणीची रांग धुंडाळण्यातच सीपीयू संपतो. लिनक्स कर्नल अपडेट करा. ते जमेपर्यंत फ्रॅगमेंटसाठीची मेमरी ४ एमबीवरून २५६ केबीवर आणा.

फायरवॉलला तुकडे जोडून तपासू द्या. एकमेकांवर चढणारे टाका (आयपीव्ही६ मध्ये २००९ पासून ते निषिद्धच आहेत). पहिल्याच तुकड्यात पूर्ण टीसीपी हेडर (ज्यात पोर्ट वगैरे असतं) नसेल तर तोही टाका, कारण नियम चुकवायची ती जुनी युक्ती आहे. आयकेईव्ही२ ला स्वतःचं फ्रॅगमेंटेशन २०१४ पासून आहे, म्हणजे ते मेसेज आधीच छोटे करून पाठवतं आणि आयपीला तुकडे करावे लागत नाहीत. आम्ही दोन्हीकडे तेच चालू केलं आणि टनेल अप झाले, साहेबांचा नियम जागेवर असताना.

हां, तुमच्यामागे नुसता ४४३ वरचा वेब सर्व्हर असेल तर खुशाल ड्रॉप करा, सहसा काही बिघडत नाही. फक्त 'फ्रॅगमेंटेशन नीडेड' (पॅकेट मोठं आहे, छोटं पाठव) सांगणारा आयसीएमपी मेसेज अडवू नका. तो अडवायचा सल्लाही त्याच अहवालात होता.