पिवळा लागण्याआधीच ठरवून ठेवा

ताई, पुढच्या महिन्यात तुम्ही लेकीकडे इंग्लंडमधल्या स्विंडनला जाताय, भाड्याची गाडी चालवणार आहात, आणि लिहिलंय की पिवळा दिवा लागल्यावर ब्रेक मारला तर मागचा ठोकेल, नाही मारला तर कॅमेरा फोटो काढेल. मी म्हापशाचा. स्विंडनात अकरा वर्षं गाडी चालवून परत आलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तिथला नियम आधी नीट समजून घ्या. पिवळा म्हणजे 'थांबा'. 'पटकन काढा' असा त्याचा अर्थ तिथे नाही. तुम्ही सिग्नलची थांबायची रेषा ओलांडल्यावर पिवळा लागला, किंवा रेषेच्या इतक्या जवळ असलात की ब्रेक मारल्यास अपघात होईल, तरच पुढे जायची मुभा आहे.

आता 'इतक्या जवळ' म्हणजे किती? ब्रिटनमध्ये पिवळा ३ सेकंद असतो. गावातली वेगमर्यादा बहुतेक ठिकाणी ताशी ३० मैल, म्हणजे आपले ४८ किलोमीटर. त्या वेगात कोरड्या रस्त्यावर गाडी थांबायला तिथल्या हायवे कोड या वाहतूक नियमांच्या पुस्तकाप्रमाणे २३ मीटर लागतात: ९ मीटर तुम्हाला कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत, १४ मीटर प्रत्यक्ष ब्रेकचे. सहा स्विफ्ट एकामागे एक उभ्या केल्या की साधारण तेवढी जागा होते. आणि त्याच वेगात ३ सेकंदांत गाडी ४० मीटर जाते. म्हणजे २३ मीटरच्या बाहेर असाल तर थांबता येतं, आत असाल तर लाल लागायच्या आत रेषा पार होते. मर्यादेत चालणाऱ्याला अडचणीची जागाच उरत नाही. ती तयार होते वेग जास्त असला की, नाहीतर अर्धा ब्रेक मारून पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर दाबला की. दुसरी चूक जास्त वाईट.

म्हणून सिग्नल लांबून दिसला आणि हिरवा असला, तर तो आता जाणार असं धरूनच चाला. आरशात मागचा किती जवळ आहे ते बघून घ्या. रेषेच्या सहा गाड्या अलीकडचा एखादा खांब मनात धरा: खांबाच्या अलीकडे पिवळा दिसला तर थांबायचं, खांब मागे पडला असेल तर त्याच वेगाने जायचं. मागचा चिकटून येत असेल तर आधीच हळूहळू वेग कमी करा, म्हणजे त्यालाही अंदाज येतो.

पावसात हे गणित बिघडतं, आणि तिथे पाऊस कधीही येतो. ओल्या रस्त्यावर थांबायचं अंतर निदान दुप्पट धरायचं, म्हणजे २३ चे ४६ मीटर. पिवळ्याच्या ३ सेकंदांत तुम्ही जाणार ४०. मधले ६ मीटर असे, की तिथे सापडलात तर धड थांबताही येत नाही, धड निघताही येत नाही. माझ्या पहिल्याच हिवाळ्यात मी नेमका त्यात सापडलो. जोरात ब्रेक मारला, गाडी थोडी घसरली आणि पुढची चाकं रेषेच्या पलीकडे जाऊन थांबली. मागे घ्यायचा मोह झाला, पण मागे गाडी होती, म्हणून तसाच उभा राहिलो. कितीतरी दिवस टपालाने दंडाची नोटीस येते का, याची वाट बघत होतो. काही आलं नाही. तेव्हापासून ओल्या रस्त्यावर सिग्नल दिसला की मी २५ मैलांवर येतो.

कॅमेऱ्याचं सांगतो. तो पिवळ्यावर फोटो काढत नाही. लाल लागल्यावर रेषा ओलांडली, तर रस्त्यात पुरलेल्या तारांवरून किंवा रडारवरून त्याला कळतं. एक फोटो रेषा ओलांडताना, दुसरा क्षणभराने, तुम्ही पुढे जातच राहिलात हे दाखवायला. रेषेपुढे चाकं जाणं हाही नियमभंगच, पण घाबरून तसंच चौकात घुसू नका. नेहमीचा दंड १०० पौंड, शिवाय लायसनवर ३ पेनल्टी पॉइंट, म्हणजे नियम मोडल्याची नोंद. नोटीस आधी गाडीच्या मालकाकडे जाते. भाड्याची कंपनी तुमचं नाव कळवते आणि त्या कामाचे पैसे वेगळे लावते.

आपल्या सवयींपैकी दोन तिथे घात करतात. एक, फ्री लेफ्ट. लाल असताना डावीकडे वळायचं नाही, हिरवा बाण असला तरच. दुसरी, हिरव्याआधी लाल-पिवळा एकत्र लागतो तेव्हा गाडी सोडणं. तोही 'थांबा'च आहे. आणि मागे अँब्युलन्स सायरन वाजवत आली तरी लाल ओलांडून तिला वाट द्यायची नाही. मन मानत नाही, कळतं मला, पण वाट काढायचं प्रशिक्षण तिच्या ड्रायव्हरला असतं, आणि तुम्ही पुढे घुसलात तर आडवी येणारी गाडी तुम्हाला धडकेल.

लायसनची चिंता नको, पाहुण्याला आपलं भारतीय लायसन १२ महिने चालतं. तरी काही भाडेवाले आंतरराष्ट्रीय परमिट मागतात, ते आरटीओतून काढून ठेवा. एक वर्षाचं मिळतं.

जायच्या आधी रोज सराव करा. मेरशीच्या सिग्नलवर कॅमेरे आहेतच, पणजीला येता-जाता तिथेच करा. रेषेच्या अलीकडे सहा गाड्यांच्या अंतरावरचा खांब हेरा आणि तो मागे पडला की मोठ्याने 'आता जाणार' म्हणा. आठवडाभरात डोळ्याला ते अंतर बसतं. शेजारी कुणी बसलं असेल तर त्यालाही मोजायला सांगा, माझ्या बायकोने माझ्यासाठी तेच केलं होतं.