बाईकवर चार-पाच देश करायचेत, प्रत्येक बॉर्डरवर टेम्पररी इम्पोर्टचं (म्हणजे बाईक तात्पुरती त्या देशात न्यायच्या कस्टमच्या परवानगीचं) काय करावं लागतं? व्हिसा ९० दिवसांचा असेल तर बाईकला पण तेवढेच मिळतात का?

नाही, तुमची मुदत वेगळी आणि बाईकची वेगळी, इथेच बरेच जण गडबडतात. उदा. शेंगेनमधे (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश) बाहेरच्या माणसाला १८० पैकी ९० दिवस राहता येतं पण बाहेरच्या पासिंगची बाईक युरोपियन युनियनमधे साधारण ६ महिने चालते, आणि तिथे बहुतेक वेळा हातात कागदसुद्धा देत नाहीत, त्यामुळे एन्ट्री कधी झाली त्याचा काहीतरी पुरावा जवळ ठेवा.

बाकी ढोबळमानाने दोन प्रकार. एक म्हणजे बॉर्डरवरच परमिट बनतं, लॅटिन अमेरिकेत बहुतेक ठिकाणी असंच. मेक्सिकोत १८० दिवसांचं मिळतं पण बाईकच्या मॉडेल इयरप्रमाणे २०० ते ४०० डॉलर डिपॉझिट घेतात, बाहेर पडताना परमिट कॅन्सल केलं नाही तर ते बुडालं म्हणून समजा (फक्त बाहा कॅलिफोर्निया हा मेक्सिकोचाच भाग फिरणार असाल तर परमिट लागतच नाही). दुसरा प्रकार कार्ने, म्हणजे बाईकची कस्टमसाठीची वही, जिच्यावर प्रत्येक देशात शिक्के मारतात. इराण, पाकिस्तान, भारत, नेपाळ, इजिप्त अशा रूटला हा लागतो, निघायच्या आधी आपल्या देशातल्या ऑटोमोबाईल क्लबकडून घ्यायचा, गॅरंटीची रक्कम अडकते आणि ती चांगलीच जड असते. एका देशाला एक पान, एन्ट्रीचा तुकडा आत जाताना फाडतात, एक्झिटचा बाहेर पडताना, आणि जो तुकडा वहीत राहतो त्यावर दोन्ही शिक्के हवेत. रात्री उशिरा, पाऊस वगैरे असला की कस्टमवाला नुसता हात दाखवून जा म्हणतो, अजिबात जाऊ नका, एक्झिटचा शिक्का नसेल तर कागदोपत्री बाईक त्याच देशात राहिलीये आणि ड्युटीचा क्लेम नंतर तुमच्या गॅरंटीवर येतो.

परमिट हातात आलं की काउंटर सोडायच्या आधी चॅसी नंबर एकेक अक्षर जुळवून बघा, तिथले लोक घाईत टाईप करतात. १७ अक्षरी नंबरात ओ, आय, क्यू ही अक्षरं वापरतच नाहीत, त्यामुळे कुठे ओ दिसला तर तो शून्य असणार, तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या, पुढच्या बॉर्डरवर कोणी ऐकत नाही.

बाईक दुसऱ्याच्या नावावर असेल तर नोटरी केलेलं अधिकारपत्र न्या, जमल्यास तिथल्या भाषेतही. आणि मधेच बाईक ठेवून विमानाने घरी जायचा प्लॅन असेल तर आधी कस्टमला विचारा, काही देश बाईकची एन्ट्री पासपोर्टलाच जोडतात, मग एअरपोर्टवर अडवतात.