राउटर बदलण्याआधी डुप्लेक्स तपासा

वीसेक संगणकांच्या आपल्या कार्यालयात लीज्ड लाइनवर (भाड्याने घेतलेल्या स्वतंत्र जोडणीवर) पिंग, म्हणजे जोडणी तपासणारा छोटा संदेश, व्यवस्थित येतो, पण मोठी फाइल पाठवताना वेग कोसळतो आणि विक्रेता महागडा राउटर घ्या म्हणतो, असे आपण लिहिले आहे. आमच्या करसल्लागार कार्यालयाने नेमका हाच त्रास भोगला, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

आमच्या सेवादात्याने, ज्याचे नाव मी मुद्दाम देत नाही, आपल्या उपकरणाचे पोर्ट 100 एमबीपीएस, फुल डुप्लेक्स (एकाच वेळी पाठवणे आणि घेणे) असे पक्के करून ठेवले होते आणि आमचा राउटर ऑटोवर, म्हणजे दोन्ही टोकांनी वेग आणि डुप्लेक्स आपसांत ठरवण्याच्या सेटिंगवर, होता. समोरचे पोर्ट ऑटोवर नसेल, तर आपल्या पोर्टला वेग ओळखता येतो, डुप्लेक्स मात्र ओळखता येत नाही. मग ते हाफ डुप्लेक्स (एका वेळी फक्त पाठवणे किंवा फक्त घेणे) धरून चालते. एक बाजू वाट न पाहता पाठवत राहते, दुसरी त्यालाच टक्कर समजते आणि पॅकेट गळतात. पिंग लहान आणि तुरळक असल्याने निभावतो; 20 तारखेच्या आसपास जीएसटीची विवरणपत्रे भरण्याची घाई सुरू झाली की सारे ठप्प होत असे.

त्यांचे तक्रार केंद्र दर वेळी ‘लिंक चालू आहे, पिंग येतो आहे, दोष तुमच्याकडे आहे’ असे सांगून तक्रार बंद करत असे. पोर्टची सेटिंग विचारली, तर ती ग्राहकाला सांगता येत नाही, असे उत्तर मिळे. त्यांच्याच सांगण्यावरून राउटर बदलला, केबल नव्याने ओढली, आणि तो सारा खर्च वाया गेला. पैसे घेणाऱ्या कंपनीने एवढी साधी माहिती दडवावी, याचा मला आजही संताप येतो. शेवटी मध्ये एक मॅनेज्ड स्विच (पोर्टची सेटिंग आणि चुका दाखवणारा स्विच) जोडल्यावर त्या पोर्टवर ‘लेट कोलिजन’चा, म्हणजे उशिरा होणाऱ्या टकरींचा, आकडा वाढताना दिसला; डुप्लेक्स न जुळल्याची ही खूण. त्याचे चित्र लेखी तक्रारीसोबत पाठवल्यावर त्यांनी पोर्ट ऑटोवर टाकले आणि त्रास थांबला.

म्हणून माझे ठाम मत असे की राउटरवर थोडे कमी खर्च करावे, पण प्रत्येक पोर्टच्या चुकांचे आकडे दाखवणारा मॅनेज्ड किंवा स्मार्ट स्विचच घ्यावा. दोन्ही टोके ऑटोवर असावीत, नाहीतर दोन्ही सारखीच पक्की केलेली असावीत. तांब्याच्या केबलवरील गिगाबिटला तर ऑटो लागतेच. आपल्याकडे पडून असलेला हब फुकट असला तरी जोडू नये, कारण तो कायम हाफ डुप्लेक्सच चालतो आणि आलेला प्रत्येक डेटा सर्व पोर्टवर फेकतो. पुढे कॅमेरे लावणार असाल, तर पीओई स्विचची (नेटवर्क केबलमधूनच वीज देणाऱ्या स्विचची) एकूण वॅट क्षमता पाहून घ्यावी, 802.3एएफ प्रमाणकानुसार एका पोर्टला 15.4 वॅटपर्यंत वीज देता येते, परंतु स्वस्त स्विच सर्व पोर्टना एकाच वेळी तेवढी पुरवू शकेलच असे नाही.

आपली जोडणी मी पाहिलेली नाही, त्यामुळे हेच कारण असेल अशी खात्री देत नाही; खराब क्रिम्पिंगमुळेही (केबलच्या टोकाला कनेक्टर नीट न बसवल्यानेही) वेग पडतो, मात्र तेव्हा सहसा सीआरसी चुका, म्हणजे डेटा बिघडून पोहोचल्याच्या नोंदी, वाढतात. काहीही विकत घेण्याआधी पोर्टचा वेग आणि डुप्लेक्स काय ठेवला आहे, हे सेवादात्याला ईमेलने विचारावे आणि उत्तरही लेखीच मागावे.