विळा, खुरपं, फावडं यांना सातारा-सांगलीकडे काय म्हणतात?

विळ्याला आमच्याकडे (तासगाव भागात) इळा म्हणतात. म्हातारी माणसं तर 'विळा' म्हणतच नाहीत, तोंडातला 'व' गळूनच जातो. फावड्याला खोरं. उसाला पाणी पाजताना सरीचं दार (चरीत पाणी सोडायची वाट) मोडायला-बांधायला लागतं ते खोरंच; 'फावडं आण' म्हटलं की समजतं, पण पाहुणा बोलल्यासारखं वाटतं. माती-शेण उचलायची ती पाटी नाहीतर बुट्टी. कोल्हापूरच्या बाजूला सरकाल तशी बुट्टी जास्त ऐकू येते.

खुरप्याचं नाव मात्र सगळीकडे खुरपंच. गंमत कामाच्या नावात आहे. इथं खुरप्यानं तण काढणं म्हणजे भांगलण, बायका 'भांगलायला' जातात. पुणे-नगरकडे तीच खुरपणी आणि विदर्भात निंदण. माझी आई खुरपं घेताना आधी पात्यावर अंगठा फिरवते, मग मूठ हलते का बघते. मूठ ढिली असली की दिवसभरात तळहाताला फोड ठरलेला.

कोयता ऊसतोडीचा. टोळ्यांच्या हिशोबात एक कोयता म्हणजे बहुतेकदा नवरा-बायकोची जोडी, हत्यार नव्हे. 'यंदा वीस कोयते आलेत' ऐकून नवखा माणूस हत्यारंच मोजत बसेल.

बैलाची अवजारं तुम्ही विचारली नाहीत, तरी सांगतो: आमचा कुळव (पेरणीआधी रान भुसभुशीत करायचं औत) विदर्भात वखर होतो आणि कोळपं (उभ्या पिकाच्या ओळींमधलं तण काढायचं औत) डवरा. पेरायची कुरी तिकडं तिफण.