‘द शायनिंग’ : कादंबरी आधी की चित्रपट?

स्टीफन किंगची ‘द शायनिंग’ ही कादंबरी आणि स्टॅन्ली कुब्रिकने तिच्यावरून केलेला चित्रपट यांत सरस काय आणि सुरुवात कशाने करावी, असे आपण विचारले आहे. माझ्या मते आधी कादंबरीच वाचावी. (पुढे दोन्हींचे शेवट उघड केले आहेत.)

कथा दोन्हीकडे सारखीच आहे. कोलोरॅडोच्या डोंगरातील एका हॉटेलची हिवाळ्यापुरती राखण करण्यासाठी जॅक टॉरन्स बायको वेंडी आणि लहानग्या डॅनीला घेऊन येतो, बर्फाने वाटा बंद होतात आणि हॉटेल त्याचा ताबा घेते. फरक आहे तो जॅकमध्ये. १९७७च्या कादंबरीतील जॅक हा दारूच्या भरात मुलाचा हात मोडल्याचे शल्य उराशी बाळगून दारू सोडलेला बाप आहे. तो सारखे ओठ पुसतो, डोकेदुखीच्या गोळ्या पाण्याशिवायच चावतो, आणि त्याच्या मनात दारूचा विचार आला की दुसऱ्याच्या मनातले ओळखू शकणाऱ्या डॅनीला तो कळतो.

मी लालबागच्या चाळीत वाढलो. आमच्या शेजारचे एक गिरणी कामगार गणपतीच्या दिवसांत थेंबालाही शिवत नसत. मखराला सोनेरी कागद चिकटवताना त्यांचा अंगठा थरथरे, आणि त्यांचा मुलगा मखर सोडून त्या अंगठ्याकडेच पाहत बसे. डॅनीबद्दल वाचताना मला तो मुलगा आठवत राहिला.

हॉटेलच्या तळघरातील जुन्या बॉयलरचा दाब जॅकला रोज हाताने उतरवावा लागतो. शेवटी त्याचा विसर पडतो आणि हॉटेल जळून जाते; पण त्याआधी, हातोडा उगारलेला असतानाच, क्षणभर त्याच्यातला बाप परत येतो आणि मुलाला पळून जायला सांगतो. त्या पानावर मला पुस्तक मिटून ठेवावे लागले होते. १९८०च्या चित्रपटात हा क्षण नाही. जॅक निकोल्सनचा जॅक पहिल्या मुलाखतीतच बिघडलेला वाटतो आणि अखेर झुडपांच्या चक्रव्यूहात गोठून मरतो. वेंडीही कादंबरीत कितीतरी खंबीर आहे.

तरीही कुब्रिकने जे साधले ते कागदावर उतरणे शक्य नव्हते. डॅनी तीनचाकी सायकल फिरवतो तेव्हा कॅमेरा जमिनीलगत त्याच्या मागे सरकत जातो. लाकडी फरशीवर चाकांची घरघर होते, गालिचा आला की ती एकदम थांबते आणि पुन्हा सुरू होते. पुढच्या वळणावर काय असेल या धास्तीने आपण त्या आवाजाचीच वाट पाहू लागतो. (म्हणूनच हा चित्रपट लोकलच्या गर्दीत मोबाइलवर पाहू नये.)

स्वतः किंगला हा चित्रपट रुचला नाही आणि १९९७मध्ये त्याच्याच पटकथेवरून दूरचित्रवाणी मालिका निघाली. ती मूळ कथेशी प्रामाणिक असली, तरी मला तिची भीती वाटली नाही.

चित्रपट आधी पाहिला, तर वाचताना पानोपानी निकोल्सनचा चेहरा समोर येतो, आणि जॅक सावरेल ही आशा, जिच्यावर सारी कादंबरी उभी आहे, ती वाचकाच्या वाट्याला येतच नाही.