‘मंडळाला अहवाल देतात’ की ‘मंडळाला जबाबदार असतात’?

प्रश्न असा आला आहे: संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाविषयीच्या (यूएनडीपी) एका इंग्रजी मजकुरात ‘द ॲडमिनिस्ट्रेटर रिपोर्ट्स टू द एक्झिक्युटिव्ह बोर्ड’ आणि ‘द बोर्ड टुक नोट ऑफ द ॲन्युअल रिपोर्ट’ अशी दोन वाक्यं आहेत. (‘ॲडमिनिस्ट्रेटर’ म्हणजे प्रशासक, यूएनडीपीचे प्रमुख.) त्यांचं मराठी ‘प्रशासक कार्यकारी मंडळाला अहवाल देतात’ आणि ‘मंडळाने वार्षिक अहवालाची दखल घेतली’ असं केलं तर चालेल का?

व्याकरणात दोन्ही वाक्यं चोख आहेत, पण अर्थ दोन्हीकडे सरकला आहे. दुसऱ्यात जास्तच.

आधी पहिलं. इंग्रजीतला ‘रिपोर्ट’ दोन कामं करतो. कागद तयार करून पुढे ठेवणं हे एक, आणि कोणाचा वरिष्ठ कोण हे सांगणं हे दुसरं. मराठीत ही कामं वेगवेगळ्या शब्दांकडे आहेत. कागदासाठी ‘अहवाल सादर करणे’ आहे. नात्यासाठी ‘-च्या हाताखाली’, ‘-च्या अखत्यारीत’ आणि ‘-ला जबाबदार’ असे तीन पर्याय आहेत, आणि त्यातला एकच इथे बसतो. ‘हाताखाली’त रोजची देखरेख येते, वर्षात तीन वेळा भरणारं मंडळ ती करत नाही. ‘अखत्यारीत’ खातं असतं, जागा असते, विषय असतो. माणसाबद्दल ते अवघडतं. उरतं ‘मंडळाला जबाबदार’. नागरिकशास्त्रात आपण ‘मंत्रिमंडळ विधानसभेला जबाबदार असते’ असं शिकतो, तेच हे नातं. विधानसभा खातं चालवत नाही, पण मंत्र्याला तिथे उभं राहून उत्तर द्यावं लागतं.

इथे ‘ला’ जपून वापरायला हवा. ‘अपघाताला चालक जबाबदार’ म्हटलं की दोष आला. ‘विधानसभेला जबाबदार’ म्हटलं की उत्तर देणं आलं. म्हणजे ‘ला’च्या आधी घटना किंवा काम असेल तर बोट दाखवलं जातं, आणि व्यक्ती किंवा सभा असेल तर नातं सांगितलं जातं. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेच्या १९७० च्या ठरावाने (क्रमांक २६८८) प्रशासकाला कार्यक्रमाच्या अंमलबजावणीच्या सर्व टप्प्यांबद्दल तेव्हाच्या नियामक परिषदेपुढे (आताच्या कार्यकारी मंडळाच्या जागी तेव्हा ती होती) पूर्णपणे ‘रिस्पॉन्सिबल अँड अकाउंटेबल’ ठरवलं. याचं ‘प्रशासक अंमलबजावणीला जबाबदार आहेत’ असं भाषांतर केलं तर काहीतरी बिघडल्याची बातमी वाटेल. ‘अंमलबजावणीची संपूर्ण जबाबदारी प्रशासकांची असून तिच्याबद्दल ते परिषदेला उत्तरदायी आहेत’ असं लिहावं. काम आणि सभा एकाच वाक्यात आली की ‘जबाबदारी’ कामाची आणि ‘उत्तरदायी’ सभेला, अशी वाटणी केली की घोळ होत नाही. ‘जबाबदेही’ हा हिंदीतून येऊ पाहणारा शब्द; त्याची गरज नाही.

‘अहवाल’ शब्द मात्र इथे फार नेमका आहे. अरबीत ‘अहवाल’ हे ‘हाल’चं अनेकवचन, म्हणजे ‘स्थिती’चं. हालहवाल विचारतो त्यातला हवाल हाच. संस्थेची हालत मंडळापुढे मांडणं, हाच प्रशासकांच्या वार्षिक अहवालाचा हेतू असतो.

आता ‘मंडळा’कडे. १९९३ च्या महासभा ठरावाने (४८/१६२) ४८ सदस्यांची नियामक परिषद जाऊन १९९४ पासून ३६ देशांचं कार्यकारी मंडळ आलं. आपल्याकडे गणेश मंडळापासून शिक्षण संस्थेपर्यंत ‘कार्यकारी मंडळ’ किंवा ‘कार्यकारिणी’ म्हणजे प्रत्यक्ष राबणारी मंडळी. यूएनडीपीत काम प्रशासक आणि त्यांचा सेवकवर्ग करतो. मंडळ धोरण ठरवतं, अर्थसंकल्प मंजूर करतं आणि जाब विचारतं. नाव बदलता येणार नाही, पण पहिल्या उल्लेखाला ‘सदस्य देशांचं कार्यकारी मंडळ’ असं लिहिलं की वाचक चुकत नाही.

‘कार्यकारी संचालक’ त्याहून फसवा. संयुक्त राष्ट्र लोकसंख्या निधीत (यूएनएफपीए) तो संस्थेचा प्रमुख असतो आणि याच मंडळाला उत्तर देतो. जागतिक बँकेत उलट: तिथले २५ कार्यकारी संचालक हे सदस्य देशांचे प्रतिनिधी आणि तेच मंडळ. भारत, बांगलादेश, भूतान आणि श्रीलंका मिळून तिथे एक संचालक असतो. बँकेचे अध्यक्ष (सध्या पुण्यातल्या खडकीत जन्मलेले अजय बंगा) या संचालकांच्या बैठकीचं अध्यक्षस्थान घेतात. मत मात्र समसमान पडली तरच देतात. म्हणून बँकेबद्दल लिहिताना ‘संचालक मंडळाच्या सर्वसाधारण नियंत्रणाखाली’ हा शब्दप्रयोग योग्य. बँकेच्या करारातही तेच शब्द आहेत.

मंडळापुढे काय होतं त्याप्रमाणे क्रियापदं बदलतात. यूएनडीपी मंडळाची सत्रं साधारण जानेवारी-फेब्रुवारीत, जूनमध्ये आणि ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास होतात. जूनच्या वार्षिक सत्रात प्रशासक आधी तोंडी बोलतात. ते ‘निवेदन’, ‘अहवाल’ नव्हे. लेखी अहवाल आधीच सदस्यांकडे गेलेला असतो, तो ‘सादर’ होतो. त्यावर देश बोलतात ती ‘चर्चा’, आणि शेवटी येतो तो ‘निर्णय’. ‘ठराव’ हा शब्द महासभेसाठी राखून ठेवावा. मूल्यमापन कार्यालयाचा अहवाल प्रशासकांच्या हातून जात नाही, थेट मंडळापुढे येतो. त्याच्यासोबत ‘मॅनेजमेंट रिस्पॉन्स’ असतो: प्रत्येक शिफारशीपुढे मान्य, अंशतः मान्य की अमान्य, काय करणार, कधीपर्यंत आणि कोण. याला ‘व्यवस्थापनाचा प्रतिसाद’ म्हटलं तर टाळ्यांचा प्रतिसाद आठवतो. ‘व्यवस्थापनाचे लेखी उत्तर’ म्हणावं. गृहनिर्माण संस्थांत लेखापरीक्षणानंतर ‘दोषदुरुस्ती अहवाल’ द्यावा लागतो, त्याच्या जवळची ही वस्तू आहे; पण तो शब्द इथे वापरू नये, कारण दोष मान्य नाही असंही या उत्तरात लिहिता येतं.

आता ‘दखल’. मराठीत दखल घेणं म्हणजे मनावर घेणं. ‘मुख्यमंत्र्यांनी दखल घेतली’ वाचलं की आता हालचाल होणार असं वाटतं. ‘टुक नोट’मध्ये यातलं काही नाही. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने २००१ मध्ये निर्णय ५५/४८८ ने स्पष्टच केलं की हे शब्द तटस्थ आहेत. त्यात मान्यताही नाही आणि नामंजुरीही नाही. म्हणून ‘मंडळाने अहवालाची नोंद घेतली’, एवढंच. ‘स्वागत केले’, ‘मंजूर केला’, ‘विनंती केली’ या पायऱ्या वेगळ्या आहेत आणि सदस्य देश एकेका क्रियापदावर अनौपचारिक बैठकांत तास घालवतात. कधी एखाद्या अहवालाचं ‘स्वागत’ करायला काही देश तयार नसतात, मग ‘नोंद’वर तडजोड होते. तिथे ‘दखल’ लिहिलं तर तडजोडीचा अर्थ नेमका उलटा होतो. सभेच्या सवयीने काही जण ‘अहवाल वाचून कायम केला’ लिहितात. कायम होतं ते मागील सभेचं इतिवृत्त.

कोण कोणापुढे अहवाल ठेवतो, याला महाराष्ट्रात मोल आहे. सरदार सरोवराच्या कर्जाचा फेरविचार करायला जागतिक बँकेने १९९१ मध्ये ब्रॅडफर्ड मोर्स यांची समिती नेमली. मोर्स १९७६ ते १९८६ या काळात यूएनडीपीचेच प्रशासक होते. समितीचा अहवाल जून १९९२ मध्ये आला, मार्च १९९३ मध्ये भारताने उरलेलं कर्ज सोडलं, आणि त्याच वर्षी बँकेने तीन सदस्यांचं ‘इन्स्पेक्शन पॅनेल’ स्थापलं. अक्राणी, अक्कलकुव्यातल्या बुडालेल्या गावांसारख्या ठिकाणचे लोक आता थेट पॅनेलकडे तक्रार करू शकतात. व्यवस्थापनाला उत्तरासाठी २१ दिवस मिळतात. चौकशी झालीच तर तिचा अहवाल संचालकांकडे जातो आणि त्यानंतर सहा आठवड्यांत व्यवस्थापनाने आपल्या शिफारशी मांडायच्या असतात. इथे ‘पॅनेल बँकेला अहवाल देते’ लिहिणं ही चूकच, कारण ज्यांच्या कामाची चौकशी झाली तेही बँकच. ‘पॅनेल संचालक मंडळाला जबाबदार असते, व्यवस्थापनाला नाही’ असं लिहावं.

प्रश्नातली वाक्यं मग अशी होतील: ‘प्रशासक सदस्य देशांच्या कार्यकारी मंडळाला जबाबदार असतात.’ ‘मंडळाने वार्षिक अहवालाची नोंद घेतली.’ मूळ मजकुरात पहिल्या वाक्यापुढे ‘ॲन्युअली’ किंवा ‘ऑन प्रोग्रेस’ असं काही असेल तर तिथे नातं नसून कागद आहे. तेव्हा ‘मंडळाला दरवर्षी अहवाल सादर करतात’ हेच बरोबर.